हात धुवायचे ते रानतुळशीवर

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या ऑफिसात कपाटं यायच्या आधीच किस्से यायला लागले. ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते आमच्या तोंडातच राहिले! त्यातले निम्मे तर खिडकीखालच्या एका झाडाचे आहेत.

*

दुष्काळाचं साल. ऑफिसच्या कुंपणावर आम्ही लाल भोपळ्याचा वेल चढवला होता. फुलं भरपूर, भोपळा एक नाही! बारकं फळ दिसायचं, पिवळं पडायचं, गळायचं. आमच्या टायपिस्ट सोनकांबळेबाई म्हणाल्या, "माशीच फिरकत न्हाई तर फळ कुठून धरंल? रानतुळस लावा. तिच्या फुलावर मधमाशी येतीच."

बाईंनी बिलोलीहून, माहेरच्या बांधावरून, रोप मुळासकट काढून ओल्या गोणपाटात आणलं. एसटीत कंडक्टर म्हणाला, "झाडाचं लगेज पडंल." बाई म्हणाल्या, "मांडीवर हाय. मांडीवरच्या लेकराचं तिकीट घेता का?"

*

पाणी टँकरचं. साहेब पुण्याकडचे, कडक. "प्यायला पाणी नाही आणि झाडं कसली लावताय?" मग बाईंनी नियमच काढला. डबा खाल्ल्यावर हात धुवायचे ते रानतुळशीवर!

साहेब जाब विचारायला जेवणातूनच उठून आले. हाताला वरण. बाईंनी तांब्या उचलला. "आधी हात पुढं करा साहेब, मग बोला."

साहेबांनी केला की!

*

रोप कमरेएवढं झालं. मंजिऱ्या यायच्या आणि सकाळी गायब! चोर निघाले आमचे बडेबाबू जाधवकाका. गळ्यात माळ, एकादशीला चहासुद्धा न घेणारा माणूस. म्हणाले, "मंजिऱ्या खुडाव्या लागतात बाई. तुळशीच्या डोक्याला भार होतो."

"ही मी देवासाठी न्हाई लावली, माशीसाठी लावली. अन् भार झाला तर ती सांगंल मला!"

काका रुसले. पण खुडणं थांबलं, फुलं राहिली आणि मधमाश्या आल्या. त्या दिवशी सगळं ऑफिस खिडकीत!

*

मोठे साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर आमच्या साहेबांनी झाड जमिनीलगत छाटायला लावलं. "जंगली दिसतं." त्या जागी भाड्याने आणलेल्या क्रोटनच्या कुंड्या! तपासणी झाली, कुंड्या परत गेल्या, उरली बोडकी माती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. बाई एवढंच म्हणाल्या, "मुळं हायत ना?"

दुपारी डबे झाले आणि सगळं ऑफिस त्या मातीपुढे रांगेत उभं. रांगेत पहिला कोण? ज्याला छाटायला लावलं तो गफूर शिपाई! साहेब बाहेर आले. "काय चाललंय हे?"

गफूर म्हणाला, "हात धुऊन राहिलो साहेब!"

*

फुटवे आले, आधीपेक्षा दाट. पुन्हा फुलं, पुन्हा माश्या, आणि वेलावर मुठीएवढा पहिला भोपळा टिकला. नेमकी तेव्हाच पुन्हा तपासणी! साहेबांनी फर्मान सोडलं, "उद्या मोठे साहेब येतायत. या वेळी मुळासकट काढा."

मुळासकट! बाईंचा चेहरा उतरला. गफूर कुदळ घेऊन उभा, जागचा हलेना. तेवढ्यात जाधवकाका खुर्चीवरून उठले. सगळ्या नोकरीत साहेबापुढे मान वर न केलेला माणूस.

"साहेब, तुळस हाय ती. आज एकादशी. आज हात लावता येत न्हाई."

"मग उद्या सकाळी काढा."

"उद्या द्वादशी. द्वादशीला पानसुद्धा तोडत न्हाईत."

"आणि परवा?"

"पंचांग बघून सांगतो."

साहेब पाय आपटत आत गेले. गफूरनं कुदळ भिंतीला टेकवली.

जेवायची सुट्टी झाली. काकांनी डबा उघडला. भाकरी, पिठलं, कांदा. कांदा बुक्कीनं फोडला, निवांत पोटभर जेवले, आणि तांब्या घेऊन रानतुळशीवर हात धुवायला गेले.