धाकट्या जाऊबाईंचं मत

तिला नाव होतं, पण बटणांच्या कारखान्यात कामाला लागली त्या दिवशी ती धाकटी झाली आणि शेवटपर्यंत धाकटीच राहिली. याचं कारण तिची जाऊ. थोरली त्याच कारखान्यात आधीपासून कामाला होती, तिनेच शब्द टाकून हिला चिकटवलं होतं, आणि पहिल्याच सकाळी सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं होतं, "ही आमची धाकटी. हिला कोणी काही बोललं तर गाठ माझ्याशी."

शिंपल्यांची बटणं बनायची तिथे. खालच्या मजल्यावर पुरुष यंत्रावर शिंपल्यातून गोल चकत्या कापायचे, वरच्या मजल्यावर बायका त्यांना भोकं पाडायच्या, घासायच्या आणि पुठ्ठ्यावर दोऱ्याने शिवून बसवायच्या. धाकटी शिवणाऱ्यांत होती. थोरली भोकं पाडायची. दिवसभर पांढरी भुकटी उडायची, केसांत बसायची, भुवयांत बसायची. घरी परतताना थोरली पिठाच्या गिरणीत लोळून आल्यासारखी दिसायची. देह एवढासा, आवाज मात्र तीन मजली. धाकटीचं उलट होतं. उंच, हाडापेराने दणकट, आणि दहा वेळा विचारलं तर एकदा उत्तर देणारी.

बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून सभा भरायला लागल्या तेव्हा थोरली एका सभेला ऐकायला म्हणून गेली आणि बोलूनच परत आली. पुढे कारखान्याच्या फाटकापाशी, बाजाराच्या कोपऱ्यावर, गोदीच्या रस्त्याला ती बोलायला उभी राहू लागली. पण पंचाईत अशी, की ती उभी राहिली तरी बसल्यासारखीच दिसे. "आवाज येतोय, पण बाई कुठाय?" असं मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळा जमाव हसला. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि धाकटीच्या हातात दिलं.

"तू फक्त पाय धरून ठेव. स्टुलाचे. माझे नाही."

झालं. तेव्हापासून धाकटीचं ते कामच झालं. घरी सासूबाई वरच्या फळीवरचा डबा काढायला जायच्या तर स्टूल गायब. "मतं कसली मागताय गं, आधी माझं स्टूल आणून द्या!" असं या दोघी दारात दिसल्या की त्या करवादायच्या. थोरली हसायची. धाकटी मुकाट्याने स्टूल जागेवर ठेवून त्यांना डबा काढून द्यायची.

लोक टोमॅटो फेकायचे, कधी अंडी. एकदा वरच्या खिडकीतून कोणीतरी बादलीभर साबणाचं पाणी ओतलं. थोरली क्षणभर थांबली, डोळे पुसले आणि म्हणाली, "कपडे धुवायचे राहिलेच होते, आभारी आहे." लोक खळखळून हसले आणि नंतर तिचं ऐकूनही घेतलं. धाकटी खाली वाकून स्टूल धरून होती, पाणी तिच्या पाठीवरूनही ओघळत होतं. तिला त्या वेळी वाटलं होतं, आपण हिच्यासाठी काहीही करू. असं भरभरून काही वाटण्याचे ते दिवस होते.

मग थोरलीला खोकला लागला. बटणांची भुकटी छातीत बसली की असंच होतं हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी बोलत नसे. एका संध्याकाळी फाटकापाशी बऱ्यापैकी गर्दी जमली होती आणि थोरलीचा आवाज बसला. घशातून नुसती खरखर यायला लागली. ती खाली उतरली, स्टूल स्वतः धरलं आणि म्हणाली, "धाकटे, चढ. तुला पाठच आहे सगळं."

पाठ होतंच. धाकटी वर चढली. समोर माणसांचे चेहरे होते. वाक्यं डोक्यात ओळीने उभी होती, पण जिभेवर एकही उतरेना. मागून कोणीतरी म्हणालं, "ही तर मुकी आणली आज!" ती उतरली. कान तापून लाल झाले होते. घरी जाताना थोरली बसलेल्या आवाजात म्हणाली, "चढलीस ना? पुष्कळ झालं."

त्यानंतर हिवाळा सरला आणि थोरली इस्पितळात गेली. धाकटी कामाची पाळी संपली की रोज तिकडे जायची. एका दिवशी गेली तर खाटेवरची चादर काढलेली, गादी गुंडाळलेली. नर्सने हातात तिची शाल दिली आणि म्हणाली, "दुपारीच गेल्या. त्रास नाही झाला." धाकटीने शालीची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा जुळेना म्हणून उलगडली आणि पुन्हा घातली. नर्स तिच्याकडे बघत राहिली. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, बोट लावलं तर बोटाला गाल कळतो पण गालाला बोट कळत नाही, तसं तिला आतून झालं. ती वाट बघत राहिली, आता उतरेल, घरी गेल्यावर उतरेल. उतरलं नाही.

थोरलीची मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिच्या बापाने मन कामात गुंतवलं, पोर काकूच्या पदरात आली. काकूने तिचं सगळं केलं. वेण्या घातल्या, पावसाळी बूट घेतले, शाळेत पोचवलं. एकदा पोरीने विचारलं, "काकू, सगळे रडले. तू का नाही रडलीस?"

"येत नाही गं," धाकटी म्हणाली. पोरीला ते पटलं नाही आणि पुढे कित्येक वर्षं ते तिच्या मनात सलत राहिलं.

बायकांच्या मताचा कायदा झाला त्याच वर्षी, पानगळीच्या सुमाराला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बातमी आली. बायकांनी टेबलं वाजवली, कोणी नाचल्या, भोकं पाडणाऱ्या एका बाईने मूठभर खराब निघालेली बटणं हवेत उधळली. मुकादमसुद्धा काही बोलला नाही. सगळ्या जणी धाकटीच्या गळ्यात पडल्या, कारण जिच्या गळ्यात पडायचं ती नव्हती. धाकटीने प्रत्येकीच्या पाठीवर हात फिरवला. मग जमिनीवर सांडलेली बटणं वेचली आणि अर्धवट राहिलेला पुठ्ठा पुढे ओढला.

पहिल्या मतदानाच्या दिवशी ती सासूबाईंना घेऊन गेली. शाळेच्या एका वर्गात केंद्र होतं. छोट्या मुलांची बाकं भिंतीला लावून ठेवलेली, फळ्यावर पाढा तसाच राहिलेला. जन्मभर स्टुलाच्या नावाने खडे फोडणाऱ्या सासूबाईंनी त्या दिवशी ठेवणीतला कोट घातला होता आणि रांगेत पुढच्या बाईला कोपराने ढोसत होत्या, "सरक गं, माझे पाय दुखतात." मत देऊन बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. "तिला दिसायला हवं होतं हे," म्हणाल्या.

धाकटी त्यांच्या मागोमाग आत गेली. पडद्याआड उभी राहिली. दोरीला बांधलेली पेन्सिल होती. तिने खूण केली, कागदाची घडी घातली, पेटीत टाकली. पेटीच्या तळाशी कागद पडल्याचा आवाज ऐकू येईल असं तिला उगाच वाटलं होतं. आला नाही.

नवरा बाहेर वाट बघत होता. तो ट्रामच्या कारखान्यात फिटर होता, सरळ माणूस. त्याने उत्सुकतेने विचारलं, "काय, कसं वाटलं?"

"पेन्सिल बोथट होती," ती म्हणाली.

तो हसला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून आईचा हात धरून चालू लागला.

इथवरचं ऐकून कोणालाही वाटेल, की बाई घरात बसली असेल. तसं झालं नाही. पुढच्या निवडणुकीपासून धाकटी मतदानाच्या सकाळी घराबाहेर पडू लागली. आपली गल्ली, मागची गल्ली, मग गोदीपर्यंतच्या सगळ्या चाळी. दार वाजवायचं, "चला" म्हणायचं, कडेवरचं पोर स्वतःकडे घ्यायचं आणि बाईला केंद्रापर्यंत नेऊन परत आणायचं. उत्साहाने करायची असं नाही. बटणं शिवायची तशीच, एक झालं की पुढचं. सभा भरवणाऱ्या संघटनेच्या बायका तिला बोलवायच्या, ती जायची नाही. पण जिथे कोणाची डाळ शिजत नसे अशा घरी त्या तिलाच पाठवायच्या.

असंच एक घर खाटकाचं होतं. दुकान खाली, बिऱ्हाड वर. त्याची बायको सकाळपासून कपडे घालून तयार होती, पण तो सोडायला तयार नव्हता. धाकटी स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसली.

"काय पाहिजे?" खाटीक म्हणाला.

"काही नाही. यांची वाट बघतेय."

"ती कुठेही जाणार नाही."

"बरं."

"मग बसलीस कशाला?"

"वाट बघतेय."

त्याने आवाज चढवला. तिच्या रूपावरून बोलला, तिच्या नवऱ्यावरून बोलला, शेवटी मेलेल्या जावेवरूनही बोलला. "ती एक बडबडी मेली आणि आता ही मुकी आली!" दुसरी कोणी असती तर उठून गेली असती, नाहीतर त्याच्या थोबाडीत दिली असती. धाकटी खिडकीतून बाहेर बघत बसून राहिली. तिला लागतच नव्हतं काही. शब्द येत होते आणि भिंतीवर वाळू फेकावी तसे खाली पडत होते. खाली दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली. त्याला दोनदा हाका आल्या. अखेर तो बायकोकडे वळून खेकसला, "जा एकदाची! आणि या धोंड्याला घेऊन जा!"

वाटेत ती बायको दर दहा पावलांनी मागे वळून बघत होती. तिने विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"नाही," धाकटी म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

अशा किती निवडणुका गेल्या. सासूबाई गेल्या, मग थोरले दीर, मग नवरा. प्रत्येक वेळी तिने कापडांच्या घड्या घातल्या, भांडी घासली, लोकांना चहा दिला. कारखानाही बंद पडला, प्लॅस्टिकची बटणं आली. पुतणी शिकली, दवाखान्यात कंपाउंडर झाली, तिचं स्वतःचं घर झालं. ती काकूकडे आठवड्याला यायची, औषधं आणायची, नखं कापून द्यायची. पण दोघींच्या मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवल्यासारखं असायचं.

कायद्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा नगरपालिकेच्या सभागृहात मोठा समारंभ ठरला. संघटनेच्या दोन तरुण मुली घरी आल्या. एकीने डोळे मोठे करून विचारलं, "आजी, तुम्ही प्रत्यक्ष त्या लढ्यात होतात! केवढं भाग्य!"

"तुम्ही बूट दाराशी काढा," धाकटी म्हणाली, "आत्ताच पुसलंय."

समारंभाला पुतणी तिला घेऊन गेली. सभागृहात जुन्या मोर्च्यांची मोठी चित्रं लावली होती. थोरलीचा फोटो व्यासपीठाच्या मधोमध, हार घालून. फोटोत ती गंभीर दिसत होती, जशी ती कधीच नसायची. निवेदकाने धाकटीची ओळख तिची सख्खी बहीण म्हणून करून दिली. धाकटीने दुरुस्ती केली नाही. भाषणं झाली. मशाल, पहाट, बेड्या असले शब्द पुष्कळ आले. मग निवेदक तिच्यापाशी माइक घेऊन आला, "आजी, दोन शब्द. तो सोन्याचा दिवस आठवून तुमच्या मनात काय दाटून येतंय?"

सगळं सभागृह तिच्या डोळ्यांकडे बघत होतं. पुतणी पहिल्या रांगेत रुमाल काढून बसली होती.

"मला त्या दिवशी काही वाटलं नव्हतं," धाकटी म्हणाली. माइकमधून आपला आवाज ऐकून ती जरा थांबली. "आजही फारसं वाटत नाहीये. तुम्ही एवढं केलंत, खोटं कशाला बोलू. पण एकदाही चुकवलं नाही. दर वेळी जाऊन आले. वाटायची वाट बघत बसले असते, तर एकदाही गेले नसते."

मागे कोणीतरी एक टाळी वाजवली, मग इतरांनीही वाजवल्या, जराशा गोंधळलेल्या. चहा झाला. कोणीतरी तिच्या हातात फुलं दिली.

परतीच्या बसमध्ये पुतणीने फुलं मांडीवर घेतली. मग एकदम म्हणाली, "आईबद्दल एक शब्द तरी बोलायचास, काकू."

"काय बोलायचं?"

"काहीही. तुझी लाडकी होती का ती? मला तर कधी कळलंच नाही. मला तिचा चेहराही फोटोतलाच आठवतो."

धाकटी खिडकीबाहेर बघत होती. दोन थांबे गेले.

"तिचे हात फार थंड असायचे," धाकटी म्हणाली. "हिवाळ्यात कामाला जाताना चालता चालता मागून यायची आणि दोन्ही पंजे माझ्या मानेवर ठेवायची. कॉलरच्या आत. मी किंचाळायचे."

"तू? किंचाळायचीस?"

"सगळी गल्ली ऐकायची. रोज करायची मेली. रोज मला वाटायचं, आज नाही करणार."

पुतणी हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं आणि मघाचा रुमाल आता कामाला आला. धाकटीने मानेवर हात नेला आणि तिथेच ठेवला, जणू काही शोधत होती.

"खिडकी लावू का?" पुतणीने विचारलं. "वारा लागतोय का?"

"थोडा लागतोय," धाकटी म्हणाली. "असू दे."