सुभेदारांच्या चेरीचा निकाल

फेब्रुवारी संपत आला होता. सांगलीहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा मांडीवर थर्मास होता आणि पायाशी सूक्ष्मदर्शक. थर्मासात बर्फ, बर्फात बोटभर बाटली आणि बाटलीत हिमाचलातल्या मित्राने पाठवलेला चेरीचा पराग. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, पण निवृत्तीनंतर कुणी मुद्दाम बोलावलं ते पहिल्यांदाच. मी चांगलाच फुगलो होतो.

कराडला गाडी बदलली. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "इंजेक्शन हाय का वो त्यात?" झालं! मी बाटली काढली, बूच उघडलं आणि त्याला सगळा धडा शिकवला. "एवढ्याशा पिठानं झाड फळतंय व्हय?" म्हणत तो पाटणला उतरला. बूच मी घाईघाईत लावलं. पुढे वळणं सुरू झाली आणि कोयनानगर येईपर्यंत पोट सांभाळण्यातच वेळ गेला.

स्टँडवर मला बोलावणारे सुभेदार ताठ उभे होते. मूळचे कराडकडचे ऊसवाले. फौजेत असताना हिमाचलात चेरी खाल्ली, ती डोक्यात बसली. निवृत्त झाल्यावर इथे डोंगरउतारावर जमीन घेतली आणि तिकडून काड्या आणून सात कलमं बांधली. आठ वर्षं झाली. फुलं येतात, फळ एक नाही. मुलाला त्या जागी पर्यटकांसाठी तंबू ठोकायचे आहेत. बापलेकांचं ठरलं होतं की मी 'फळ येणार नाही' म्हणालो तर झाडं तोडायची.

"काड्या एकाच झाडाच्या आणल्यात?" मी विचारलं.

"व्हय की. आवं सर, उसाचं बेणं (लागणीच्या कांड्या) आमी एकाच चांगल्या फडातनं काढतो. समदं रान एकसारखं येतं. आन् उसाला तुरा आला तर आमी शिव्या घालतो. फुलाकडं कोण बघतंय?"

मी त्यांना भर रस्त्यात झापलं. चेरी म्हणजे ऊस नव्हे. बहुतेक चेऱ्यांना स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही. तुमची सात झाडं म्हणजे खरं तर एकच झाड! दुसऱ्या जातीचा पराग हवा, तो मी आणलाय. सुभेदार मान खाली घालून म्हणाले, "चुकलं सर."

घरी पोचताच साखरपाण्याचे दोन थेंब दोन काचांवर घेतले. एकात त्यांच्या फुलांचा पराग टाकला, दुसऱ्यात माझा. जिवंत कणाला काही तासांत बारीक नळी फुटते. तोवर सुभेदारांच्या पत्नीने नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. मी दोनदा मागून घेतलं.

तीन तासांनी पाहिलं. इथल्या बेताच्या थंडीत वाढूनही सुभेदारांच्या परागाला नळ्याच नळ्या फुटल्या होत्या. माझ्या परागाचे कण मात्र नळी न येताच फुटून मेले होते. बाटली उजेडात धरली. सैल बुचातून बर्फाचं पाणी आत शिरलं होतं.

मुलगा दारात हाताची घडी घालून उभा होता. सुभेदारांनी विचारलं, "काय म्हणतंय सर?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मित्राला फोन केला असता तर पुढच्या वर्षी दुसरी बाटली आली असती. पण मघाशी ज्याला झापलं त्याच्यापुढे मान खाली घालणं मला जमेना. मी म्हणालो, "दोष हवेचा आहे. थंडी पुरत नाही. फळ येणार नाही."

"तुमचा पराग लावून बघायचा न्हाई?"

"उपयोग नाही," मी म्हणालो. निकाल सांगताना तेवढंच एक खरं बोललो.

सुभेदार उठले. कुऱ्हाड आणली आणि पहिला घाव स्वतः घातला. फुलांसकट झाड आडवं झालं. मी एसटीची वेळ झाली म्हणून निघालो.

परतीच्या वाटेवर स्वतःचीच लाज वाटत होती. त्यांची चूक अडाणीपणाची होती आणि कबूल केल्यावर ती संपलीही होती. माझी शिकलेल्या माणसाची होती, म्हणून तिची किंमत सात झाडांनी मोजली.

सांगलीत घराचं कुलूप काढत होतो, तेवढ्यात सुभेदारांचा फोन आला. "पोचला का सर? एवढ्या लांब आला, निकाल लावून दिला. लय उपकार झालं."

"असू द्या," मी म्हणालो.