इरावतीने निवडलेलं ॲप

फणसवाडीत कुणाचा फोन रुसला की तो इरावतीकडे जायचा. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून ती अर्ध्या वाडीचे पासवर्ड पाठ ठेवायची, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची थोडी मिजासही होती. पुनर्विकासाच्या बैठकीत ठरलेलं दुसऱ्याच दिवशी बिल्डरच्या माणसाच्या तोंडून ऐकू आलं, तेव्हा वाडीचा ग्रुप सुरक्षित जागी हलवायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. घरातच फितूर असेल तर त्याला ॲप काय करणार, हे कुणी विचारलं नाही.

तिनं बरीच ॲपं धुंडाळली. एकाला कुणी एक मालकच नव्हता. पण कुठल्या सर्व्हरवर खातं उघडून बिऱ्हाड करायचं ते आधी ज्याचं त्यानं ठरवायचं. वाडीतली म्हातारी माणसं उंबऱ्यातच अडकली असती. दुसऱ्याला फोन नंबर लागत नव्हता, मग कोण कुणाला सापडणार? तिसरं पटलं. त्यातलं ॲपच्या कंपनीलाही वाचता येत नव्हतं, आणि हवं तर निरोप एका दिवसात आपोआप पुसले जात. इरावतीनं ती सोय कुणाला न विचारता चालू केली आणि जुना ग्रुप बंद करून टाकला.

शेजारच्या नलूकाकूंच्या फोनवरही तिनं ते बसवलं.

"ह्यात सकाळचे फोटो येतील ना गं?"

"येतील हो काकू," ती चपला घालता घालता म्हणाली. उघडायचं कसं ते दाखवायचं राहून गेलं.

काकू दादरला भाचीकडे गेल्या असताना तळमजल्यावरच्या राधाबाई वारल्या. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून वाडीत आलेल्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी. पूर्वी वाडीत कुणी गेलं की कुणीतरी घरोघर सांगत फिरे, लांबच्यांना फोन करी. ग्रुप आल्यापासून ती रीत सुटली होती. इरावतीनं निरोप नीट लिहिला, कधी न्यायचं तेही घातलं, आणि आपलं काम झालं असं मानलं. काकू आल्या नाहीत. वयामुळे जमलं नसेल, असं तिला वाटलं.

पुढच्या आठवड्यात दादरहून परतलेल्या काकू जिन्याशी भेटल्या. हातात डबा होता.

"राधाला खरवस आणलाय. जीव आहे तिचा त्याच्यावर."

इरावतीनं काकूंना पायरीवर बसवलं आणि सांगितलं. काकू कितीतरी वेळ डब्याचं झाकण दाबत राहिल्या.

"मीच मेली वेंधळी," शेवटी त्या म्हणाल्या. "फोन बघतच नाही. तू कळवलं असशीलच." पिशवीतून फोन काढून त्यांनी पुढे केला. "काय लिहिलं होतंस तिच्याबद्दल? वाच ना."

इरावतीनं ॲप उघडलं. आत काहीच नव्हतं. नेटवर्क नाही म्हणणं किती सोपं होतं! क्षणभर ते ओठांवर आलंही, आणि तिला स्वतःची किळस वाटली.

"काकू, ते पुसलं गेलं. मीच तसं करून ठेवलं होतं. बाहेरच्या कुणाला कळू नये म्हणून."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"राधा गेली हे कुणाला कळू नये गं?"