चोकच्या नॉबसाठी देवळालीपर्यंत

आमच्या जुन्या अ‍ॅम्बॅसिडरच्या डॅशबोर्डमधून धूर निघाला तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, आतच बसले होते. गाडी चालत नव्हती, शेडमध्ये उभी होती. काचबिंदूनं अप्पांची नजर गेली, आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी रोज संध्याकाळी ते ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसतात आणि एकेका नॉबवरून हात फिरवतात. त्या दिवशी त्यांनी दिव्यांचा नॉब ओढला आणि आतली जुनी वायर जळली. आईनं त्यांना ओढून बाहेर काढलं आणि जाहीर केलं, "एकतर ही गाडी दुरुस्त होईल, नाहीतर भंगारात जाईल. मला हा रोजचा घोर नको."

म्हणून आम्ही तिघं संगमनेरहून नाशिकजवळच्या देवळालीला, गांगुर्डेकाकांच्या गॅरेजकडे निघालो.

ज्यांना जुन्या गाडीतून असा प्रवास करायचाय त्यांना आधीच सांगते, आमचं बघून करू नका, सरळ टेम्पोत घालून न्या. आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं बॅटरीपासून थेट वायर जोडून इंजिन तेवढं चालू करून दिलं होतं. दिवे, वायपर, हॉर्न सगळं बंद. त्यामुळे लख्ख ऊन पडल्यावरच निघालो, आणि हॉर्नचं काम मागच्या सीटवरून आईनं केलं. खिडकीतून डोकं काढून ती "ओ दादा, जरा कडंनी घ्या की!" असं ओरडायची आणि ट्रॅक्टरवालेसुद्धा मुकाट बाजूला व्हायचे.

आई मागे का बसली, हेही सांगायला हवं. या गाडीत अप्पांनी अख्ख्या पंचक्रोशीतले नवरदेव वाहिले. लग्नसराईत गाडीला फुलांच्या माळा आणि पुढच्या सीटवर फेटा बांधलेला नवरदेव. उरलेल्या वर्षभरातही ती जागा कुठल्या ना कुठल्या पाहुण्याची. आई कायम मागे. पुढच्या सीटवर बसायची सवयच तिला लागली नाही. आताही पुढची सीट रिकामी असून ती डबे आणि पिशव्या घेऊन मागेच चढली. गाडी मी चालवत होते आणि अप्पाही मागेच तिच्याशेजारी बसून मला सूचना देत होते. "गिअर बदल. आवाज ऐकू येत नाही का तुला?"

सिन्नरपर्यंतचा रस्ता झकास आहे. तिथे भेळभत्ता घ्या, प्रवासात बरा पडतो, आणि वर हिरवी मिरची मागायला लाजू नका. नाशिकची गर्दी टाळायची म्हणून पुढे आम्ही घोटीच्या रस्त्याला लागलो आणि पांढुर्लीवरून भगूरमार्गे देवळाली कॅम्पात शिरलो. रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना शेतं आणि वाहनं कमी. कॅम्पात शिरल्यावर एकदम मोठाली झाडं, झाडलेले रस्ते आणि सायकलवरून भाजी नेणाऱ्या फौजींच्या बायका. लांबून लष्कराच्या सरावातल्या तोफेचा आवाज आला तसं आईनं कपाळाला हात लावला. "आपलं इंजिन फुटलं का गं?"

गांगुर्डेकाकांचं गॅरेज बाजाराच्या मागच्या बाजूला आहे. जुन्या गाड्या खोलून नव्यासारख्या करणं हा त्यांचा धंदा. माणूस बोलका आणि थोडा बढाईखोर, पण मनानं साफ. त्यांनी बॉनेट उघडलं, डॅशबोर्डखाली टॉर्च मारला आणि निकाल दिला. "वायरिंग पार गेलंय. पूर्ण डॅश खाली घ्यावा लागंल. जुनी बटणं काढून टाकू, नवी बसवू, सेम टू सेम."

अप्पा म्हणाले, "बटणं तीच हवीत."

"अहो अप्पा, फरक नाय कळणार."

"मला तेवढंच कळतं," अप्पा म्हणाले.

 मग मी त्यांना थंड इंजिन चालू करताना ओढायचा तो चोकचा नॉब दाखवला. त्याच्या कडेचा एक टवका उडालाय. कुठल्याशा नवरदेवाची लिंबू खोचलेली कट्यार त्याला लागली होती. अप्पा अंगठ्यानं तो टवका शोधतात आणि तिथून डावीकडे दिवे, उजवीकडे स्टार्टर, त्यापलीकडे वायपर असं त्यांचं सगळं जग लागतं. नॉब बदलले तर ही गाडी त्यांच्यासाठी दुसऱ्याच कुणाची तरी होईल.

हे नॉब काढायची युक्ती सोपी आहे. नॉबच्या मानेवर टाचणीएवढं भोक असतं. आत स्प्रिंगवर बसलेली पिन. भोकातून बारीक तार घालून ती दाबायची आणि नॉब ओढायचा. (तुम्ही करणार असाल तर आधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा.) काकांनी तार घातली. जाईना. दुसरा नॉब पाहिला, तिसरा पाहिला. सगळी भोकं दगडासारखी बुजलेली.

"हे काय भरलंय इथं? सिमेंट?"

आई मागून म्हणाली, "दसऱ्याचं असंल."

दर दसऱ्याला आई गाडीची पूजा करते आणि प्रत्येक नॉबला ओल्या हळदीकुंकवाचं बोट लावते. "ते बारीक भोक दिसायचं," ती म्हणाली, "मला वाटलं, टिळा लावायलाच ठेवलंय. मी आपलं बरोबर तिथंच टेकवायची." इतक्या वर्षांचे दसरे त्या भोकांत बसले होते. मला हसू आवरेना. अप्पांना मात्र हसू आलं नाही.

काकांनी वायपरच्या नॉबला कापड गुंडाळलं आणि पक्कड लावून हलकेच पिळलं. कट्‌ असा आवाज आला. नॉबचे दोन तुकडे काकांच्या तळहातावर होते. जुनं बेकलाइटचं कडक प्लास्टिक, वाळून ठिसूळ झालेलं. कुणी काही बोलायच्या आत अप्पांनी विचारलं, "कुठला?"

"वायपर," मी म्हणाले.

ते म्हणाले, "बास. गाडी परत न्या. जळली तर जळू दे."  गाडी परत नेणं म्हणजे त्यांना तिच्यात बसू न देणं, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

काका तुकडे हातात धरून म्हणाले, "माफ करा अप्पा. लय जपून लावली होती."

तेवढ्यात आईनं बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनांमधली सगळ्यात बारीक पिन काढली. "कोमट पाणी द्या हो वाटीभर. आणि कुणी मला घाई करायची नाही." पुढचं डावीकडचं दार उघडून ती आत बसली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. अप्पा चाचपडत आले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. थेंब सोडायचा, थांबायचं, टोचायचं, फुंकर मारायची. तिच्या बोटांवरून कुंकवाचे लाल ओघळ वाहत होते. काका खाली वाकून टॉर्च धरून होते.

"मीच बुजवलं ना," आई पुटपुटली.

"माझ्यासाठीच बुजवलंस," अप्पा म्हणाले.

चोकचा नॉब सगळ्यात शेवटी निघाला. आतली पिन दबली आणि तो अलगद आईच्या हातात आला, टवक्यासकट. तिनं तो अप्पांच्या मुठीत ठेवला. काका म्हणाले, "वहिनी, उद्यापासून कामाला या."

रात्री आम्ही जवळच्या एका साध्या लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळीच, जेवणात शेवभाजी आणि बाजरीची भाकरी. सकाळी बेकरीतून खारी आणि नानकटाई घेतली. वायपरचे तुकडे काका त्यावरून साचा करून तसाच नॉब ओतायला ठेवून घेणार होते. बाकीचे तीन नॉब अप्पांनी सोडले नाहीत, चिवड्याच्या रिकाम्या डब्यात घालून मांडीवर घेतले. गाडीला काही महिने लागणार. नाशिकरोडहून एसटीनं परतलो. जागा मिळायला अडचण येत नाही, फक्त खिडकीसाठी भांडावं लागतं.

घरी येताना मला वाटलं होतं, या प्रवासातून माझ्याकडे उरेल तो पांढुर्लीचा रस्ता आणि तोफेचा आवाज. ते उरलंच. पण खरी धास्ती संध्याकाळची होती. शेडमध्ये आता तेलाचा काळा डाग तेवढा होता.

अप्पा सवयीनं तिथं गेले. मी खुर्ची दिली आणि समोर स्टूल ठेवलं. त्यांनी डबा उघडला, टवका शोधला आणि चोक मधोमध मांडला. डावीकडे दिवे, उजवीकडे स्टार्टर. पलीकडे वायपरची जागा रिकामी सोडली.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. थोडा वेळ बघत राहिली. मग दारासमोरच्या ओट्यावरची दुसरी खुर्ची ओढत आणली, अप्पांच्या डाव्या बाजूला ठेवली आणि बसली.

अप्पांनी विचारलं, "दार नीट लावलंस का?"

आईनं खुर्चीच्या हातावर धप्पकन थाप मारली. "लागलं. चला."