गिरणीत पारखलेलं मशीन

आबांच्या कानांसाठी आम्ही दोन मशिनं घरी आणली. एक काळं, एक पांढरं. दोन्हींची पेटी पत्त्यांच्या कॅटाएवढी. ती सदऱ्याच्या खिशात ठेवायची, तिची वायर गळ्यावरून वर न्यायची आणि टोकाचं बटण कानात बसवायचं. जळगावात एक चाचा रेडिओ दुरुस्त करत आणि असली मशिनं विकायला ठेवत. भारी मशिनं मुंबई-पुण्याला मिळतात, ही आपल्या ऐपतीतली, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि दोन्ही जाकड दिली. घरी न्या, वापरून बघा, पसंत पडेल ते ठेवा, दुसरं परत आणा. साड्या जाकड आणतात हे मला माहीत होतं. कान जाकड आणलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आबा म्हणजे माझे वडील. अमळनेरकडच्या खेड्यातून जळगावला आले आणि डाळमिलमध्ये लागले ते तिथलेच झाले. तूर नीट वाळली आहे की अजून ओलसर आहे, हे ते रोलरच्या आवाजावरून सांगत. त्याच आवाजाने त्यांचे कान खाल्ले. बाकीचे लोक कानात कापसाचे बोळे घालत. आबाही घालत, पण बोळ्यांमुळे तूर ऐकू येत नाही म्हणून परत काढून ठेवत. त्या गोंगाटात तसंही कुणाला कुणाचं ऐकू जात नसे, म्हणून तिथे एक रीत पडली होती. कुणी काही सांगायला आलं की आधी हसून मान डोलवायची, म्हणजे सांगणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, आणि मग स्वतः जाऊन काय झालंय ते डोळ्यांनी बघायचं. ही मान आबांनी घरीही आणली. मीठ संपलं म्हटलं तरी मान, पाहुणे आले म्हटलं तरी मान. एकदा मी मुद्दाम घराला आग लागली म्हणाले, तर त्यांनी कौतुकाने मान डोलवली आणि मायने माझ्यावर लाटणं उगारलं.

माय आणि मी ओरडून काम भागवायचो. अक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, ओरडता येत नसे. तिचा आवाज मुळातच बारीक, आणि सांगायची गोष्ट जितकी महत्त्वाची तितका तो आणखी खाली जायचा. लग्न होऊन ती धुळ्याला, देवपुरात गेली. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा आबा नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. ती परत गेल्यावर त्यांनीच विषय काढला.

"पोर बोलस, माले काही समजत नही. आखाजीले ती ई, तवय माले ऐकाले येवाले जोयजे."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात. तोवर आबांना ऐकू आलंच पाहिजे, असं घरात ठरलं. मशिनं आणली ती एवढ्यासाठीच.

घरी पारख सुरू झाली. काळ्याचं बोंडुक, म्हणजे ते टोकाचं बटण, आबांच्या कानात असं फिट बसलं की जणू त्यांच्याच मापाने केलं होतं. पांढऱ्याचं सैल. जरा मान वळवली की ते शिट्टी मारायचं, आणि ती शिट्टी आबा सोडून सगळ्या गल्लीला ऐकू जायची. शेवटी मायने बायका सैल अंगठीला गुंडाळतात तसा त्याला दोरा गुंडाळला. शिट्टी थांबली. मग आवाजाची पाळी आली. काळ्याचा आवाज भरीव होता, पण सगळे शब्द एकमेकांना चिकटून यायचे. पांढरं कर्कश. भांडं पडलं की आबा दचकून उठत, सदऱ्याचं कापड पेटीला घासलं की तोंड वाकडं करत. पण त्याच पांढऱ्या मशिनातून त्यांनी मायच्या बांगड्या ऐकल्या आणि विचारलं, ह्या कधी घेतल्या? त्या लग्नातल्या होत्या. माय लाजली. मी पाठमोरी उभी राहून हळूच म्हणाले, आबा, पाणी देऊ का? आणि ते म्हणाले, दे. मला एवढा आनंद झाला की मी पाणी द्यायचंच विसरले.

तिथेच निकाल लागायला हवा होता. पण आबांच्या मते कुठल्याही यंत्राची खरी परीक्षा गिरणीत. तूर पहिल्यांदा तिथेच कळते, मग कानाचं मशीन का नाही? दुसऱ्या दिवशी दोन्ही पेट्या डब्याबरोबर पिशवीत घालून ते कामावर गेले.

संध्याकाळी आले ते काळं लावून. डोळे लाल झाले होते. मिलमधल्या भुशाने म्हणावेत तर तसे नव्हते.

"हाई लायं आनि रोलर पयलासारखा बोलना," ते मायला म्हणाले. "तूर ओली शे का वाळेल, बठ्ठं समजनं. ते धवळं नुसतं पत्रासारखं वाजस."

पांढऱ्याने त्यांना रोलरपाशी उभंच राहू दिलं नव्हतं. काळ्याने त्यांची हरवलेली गिरणी परत दिली होती. बायकामाणसांचे बारीक आवाज त्यांना कधी ओळखीचे नव्हतेच. आयुष्यभर त्यांनी कान लावून ऐकलं होतं ते त्या घरघरीला. तिच्यावरून त्यांनी मशीन निवडलं यात त्यांचं काय चुकलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. रागावावं तर कुणावर?

पांढरं परत करायला मी त्यांच्याबरोबर गेले. चाचांनी पेटी हातात घेतली, बोंडुकावरचा दोरा पाहून हसले आणि म्हणाले, "आबा, हे मशीन गिरणीसाठी घेताय का पोरींसाठी?"

आबांनी हसून मान डोलवली. मीही हसले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि काळ्या पेटीबरोबर एक पेन्सिल सेल वरचा दिला.

आखाजीला अक्का आली. निंबाला झोका बांधला होता, घरात आमरस आणि मांडे होते. आबा सकाळपासून खिशातली पेटी चाचपत होते. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी आधी सेल नीट बसलाय ना ते पाहिलं आणि मग आशीर्वाद दिला. अक्का जरा वाळली होती. झोक्यावर बसली, पण गल्लीतल्या पोरींसारखं उभं राहून तिने काही झोका चढवला नाही. ऊन फार आहे म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

दुपारी माय आणि मी आत भांडी घासत होतो. खिडकीतून निंबाखालची बाज दिसत होती. आबा बाजेवर, अक्का खाली ओट्याच्या कडेला. ती खाली मान घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलत होती. बराच वेळ बोलली. आबा पेटी तिच्या बाजूला धरून वाकून ऐकत होते, आणि मधूनमधून हसून मान डोलवत होते. मी मायला कोपराने खुणावलं. मायने राखेचे हात जोडले. मशीन आणल्याचं सार्थक झालं असं आम्हा दोघींना वाटलं.

जेवताना आबा म्हणाले, "पोर सुखमा शे."

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं आणि ताटातला रस संपवला. दुसऱ्या दिवशी आबाच तिला स्टँडवर घेऊन गेले. मीही गेले. त्यांनी धुळ्याच्या गाडीत रुमाल टाकून तिला खिडकी धरून दिली, पिशवी वर ठेवली, आणि गाडी हलेपर्यंत खाली उन्हात उभे राहिले. अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. एरवी ती निघताना रडायची. त्या दिवशी रडली नाही.

श्रावणात तार आली. धुळ्याच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा ती दोन उशांना टेकून बसलेली होती, कारण आडवं झालं की तिला श्वास घेता येत नव्हता. हृदयाचं दुखणं होतं, लहानपणापासूनच असणार, असं डॉक्टर म्हणाले. आबा आणि माय डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले. आम्ही बहिणी आपसात शाळेतली मराठी बोलायचो. तशीच ती अगदी हळू बोलली.

"मी आबांना सांगितलं होतं. निंबाखाली. जिना चढवत नाही, पाय सुजतात, थोडे दिवस इथंच ठेवून घ्या, डॉक्टरला दाखवा. मायला सांगितलं असतं तर ती त्याच पावली देवपुरात येऊन भांडली असती. म्हणून त्यांनाच सांगितलं."

"मग?"

"मग काय. ते हसले. हो हो केलं. आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं."

मी तिचा हात धरला आणि सांगितलं, अक्का, त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं गं. त्या मशिनात बारीक आवाज येतच नाही. ती गिरणीतली मान होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तोंडावर मात्र काहीतरी सैल झाल्यासारखं दिसलं.

"ऐकू आलं नव्हतं होय," ती म्हणाली. "मी इतके दिवस समजत होते, ऐकून पाठवलं."

जरा वेळाने ती म्हणाली, "त्यांना सांगू नको हं कधी."

मी नाही सांगणार म्हटलं. त्याच आठवड्यात ती गेली.

जळगावला आमच्या घरी लोक बसायला येत होते. शेजारच्या आजींनी आबांजवळ बसून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने विचारलं, पोर शेवटचं काही बोलली का हो? हे त्यांना ऐकू गेलं. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते.

"बोलनी ना," आबा म्हणाले. "आखाजीले, निंबखाले. बठ्ठं ऐकं मी. सुखमा व्हती पोर."

मग त्यांनी खिशातून काळी पेटी काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि आजींना दाखवली.

"हाई मशीन नसतं ते तेवढं बी ऐकाले नसतं ऊनं."