मरळीच्या डोक्याचा मान

माझ्याआधी दोन वर्षं लग्न केलं, एवढाच आमच्या साडूंचा पराक्रम. पण तेवढ्यावर सॅम्युअलराव थोरले जावई ठरले आणि दर नाताळला मरळ माशाचं डोकं त्यांच्या ताटात पडू लागलं. (आमच्या सासुरवाडीत याहून मोठा मान नाही. मला शेपूट मिळायचं. नगरसारख्या ठिकाणी मास्तरकी करणाऱ्या माणसाने शेपूट किती वर्षं खावं?)

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. सासरे भंडारदऱ्याच्या धरणाजवळ, शेंडी गावात राहत. त्या नाताळला माझ्या बायकोनेच, मार्थाने, विषय काढला.

"बाबा, डोकं दरसाल दाजींनाच का?"

"बरं," सासरे म्हणाले. "उद्या होडी काढू. जो मरळ धरील, डोकं त्याचं."

सॅम्युअलराव नुसते हसले. ते मुंबईला बंदरावर नोकरीला. एकदा साहेबाबरोबर खोल समुद्रात जाऊन त्यांनी म्हणे पाठीवर शिडाएवढा पर असलेला मासा ओढला होता. दर नाताळला तो हातभर वाढायचा. सासूबाई ऐकत, मेव्हणी ऐके, इथवर ठीक होतं. पण मार्थाही तोंडाचा आ करून ऐके, तेव्हा माझा जळफळाट होई.

सकाळी होडीत मधे पंच म्हणून सासरे बसले, दोन टोकांना दोन जावई. मरळ जिवंत आमिषावर येते, म्हणून घागरभर बारकी मासळी बरोबर घेतलेली. तिच्या पाठीत हलकेच गळ अडकवून तिला पाण्यात पोहत ठेवायचं. साडूंनी बोटाएवढी उचलली. मी अख्खी घागर ढवळून वीतभर लांबीची शोधली.

"मास्तर, बारकी घ्या," सासरे म्हणाले.

"मोठी मरळ मोठंच खाणार," मी म्हणालो.

दुपार झाली तरी पाणी ढिम्म हललं नाही. साडूंचा समुद्रातला मासा मात्र जोरात होता. त्यांच्या गळाला काही लागू नये अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली. (मिशनच्या मास्तराला हे शोभत नाही, ठाऊक आहे.) ती देवाने ऐकली, आणि दोघांनाही सारखीच लागू केली!

एवढ्यात माझ्या दोरीला हिसका बसला. मी ताडकन उठलो, होडी कलली, सासऱ्यांचा पटका पाण्यात गेला. सगळं बळ एकवटून ओढलं, तर वर आली माझीच वीतभर मासळी, जिवंत आणि टवटवीत. दोरी वल्ह्यात अडकली होती.

"मास्तर," साडू शांतपणे म्हणाले, "हिला आपणच आणली होती."

घरी सासूबाईंनी सकाळपासून मसाला वाटून ठेवलेला. त्यांनी रिकामे हात पाहिले, मग त्या घागरीत डोकावल्या. "ही हाय की," म्हणत त्यांनी सगळं आमिषच तळायला घेतलं. जेवायला बसल्यावर त्या थबकल्या.

"आता डोकं कुनाला?"

सासरे न्यायाचे पक्के. ओला पटका झटकत म्हणाले, "गळाला लागून वर आली ती येकच. मास्तरांनी काढली. मरळ न्हाई, पन डोकं त्यांचंच. मान तिकडं गेला, तर बाकी समदं थोरल्यांना वाढा."

प्रार्थना झाली. डोळे उघडले तर माझ्या ताटात अंगठ्याएवढं डोकं होतं. त्यात नुसते काटे होते. धडासकट उरलेली सगळी कुरकुरीत मासळी सॅम्युअलरावांपुढे रचलेली.

"कसं लागतंय?" मार्थाने अभिमानाने विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो, आणि साडूंच्या ताटाकडे बघत कोरडी भाकरी मोडली.