दुर्गाबाईंचं शेंगदाण्याचं दूध

आमच्या कात्रजच्या सोसायटीत संगणकवाले भरपूर, अक्कलवाले मोजकेच. हे मी रागानेच लिहितो आहे.

दुर्गाबाई मांजरी गावाहून दोन बस बदलून येत आणि माझं धरून आमच्या मजल्यावरच्या तीन घरी स्वयंपाक करत. शेजारची पूर्णिमा आणि तिचा नवरा अभिनव दोघं आयटीत. त्यांची राजनंदिनी चार वर्षांची. दूध पोटात गेलं की अंगभर गांधी उठायच्या. डॉक्टरांनी दूध बंद केलं आणि पोरगी तर कॉर्नफ्लेक्सशिवाय सकाळी काही खाईना. आईबाप इंटरनेटवर उपाय शोधत बसले. दुर्गाबाईंनी शेंगदाणे भिजवले, सालं काढून वाटले, फडक्यातून गाळून उकळले. पोरीने वाडगा चाटूनपुसून साफ केला.

महिनाभर बरं चाललं. मग अभिनवचे वडील, बद्रीनाथराव, बीडहून राहायला आले आणि आठवड्याभरात गांधी परत उठल्या. पूर्णिमाने चौकशीही न करता दुर्गाबाईंना काढलं. वर सोसायटीभर सांगितलं, की बाईंच्या हाताला स्वच्छता नाही. तिसऱ्या घरानेही त्यांना लगेच नको म्हटलं. खोक्यातलं बदामाचं दूध आलं. गांधी होत्याच.

एके सकाळी बद्रीनाथराव लिफ्टमध्ये भेटले, हातात किटली. अभिमानाने म्हणाले, "अहो, तसल्या पांचट पाण्यावर लेकरू वाढतं का? मी रोज गुपचूप वाटीभर ओततो त्यात. डॉक्टरांनी पिशवीचं दूध बंद केलंय. हे तर गाईचं, गोठ्यातलं."

"गाय दूधच देते ना, बद्रीनाथराव?" मी म्हणालो आणि तसाच जाऊन पूर्णिमाला सगळं सांगितलं.

तिने सासऱ्यांची किटली बंद केली आणि दुर्गाबाईंना बोलावून घेतलं. "झालं गेलं विसरा, मावशी. उद्यापासून या."

"लोकांना खरं सांगितलंत?"

"बाबांचं वय झालंय. त्यांचा अपमान कसा करायचा?"

"आन् माझा केला, त्याचं काय?" दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "पोरीची काय चूक न्हाई. तिचं दूध म्या या शेजारच्या काकांकडं करून ठेवीन. पर तुमी खरं सांगंस्तवर या दारात पाय ठेवायची न्हाई."

याला वर्ष झालं. रोज सकाळी ती बाटली मीच शेजारी पोचवतो. पूर्णिमा गोड हसून थँक्यू म्हणते. पोरीच्या अंगावर एक गांध नाही. सोसायटीत मात्र पूर्णिमाने अजून चकार शब्द काढलेला नाही.

म्हणून आता मीच सांगतो आणि खाली माझं नाव घालून हा कागद जिन्यात लावतो. दुर्गाबाईंचे हात स्वच्छ होते.

श्रीधर, तिसरा मजला